पुलापलीकडची मंदा

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गराजसमोरच्या बर्फावर मीठ टाकत होते. फोन अल्फारेटाहून, तिच्या शेजारणीचा. बाईंनी आधी आमच्याकडच्या हवेची चौकशी केली, मग माझ्या तब्येतीची, आणि तेवढ्यातच मला काय ते समजलं. सकाळी चहा गाळून घेतला होता, गॅस बंद केलेला होता, आणि ती ओट्याजवळ खाली पडलेली होती. उरलेलं मीठ मी टाकून संपवलं, डबा जागेवर ठेवला, बूट काढून आत गेले आणि तुमच्या आजोबांना सांगितलं. ते खिडकीशी बसले होते. त्यांच्या हल्लीच्या पुटपुटत्या आवाजात त्यांनी विचारलं, "काही म्हणाली होती का?"

ते कशाबद्दल विचारताहेत हे मला लगेच कळलं. मी नाही म्हटलं.

ईशान आणि रेवा, हा लेख मी इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी लिहिते आहे, पण खरा तुमच्यासाठी. चँडलरला तुमची आई तुम्हाला तो वाचून दाखवेल. मंदा आजी गेल्याचं कळल्यावर रेवा फोनवर रडत मला म्हणाली, "आजी, शी वॉज द ओन्ली फन वन." खरं आहे. माझ्याकडे आलात की तुम्हाला आधी हात धुवायला लागायचे, मंदाकडे आधी झाडावर चढायला मिळायचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं ही रीत मला मान्य आहे, म्हणून चांगलं आधी लिहिते.

मंदा माझी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पुण्यात आमची शाळा नन्सची, इंग्रजी माध्यमाची. मी तिथे सुवाच्य अक्षर आणि वेळ पाळणं शिकले, मंदा भिंतीवरून उडी मारणं. कॉलेजात गेल्यावर ती गडांवर जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरली आणि दोन वर्षांत त्यांची लीडर झाली. मुलगे मुकाट्याने तिचं ऐकायचे. तिचा एक नियम होता, आणि गडावर जाणारी बहुतेक मंडळी तो पाळतात... सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्याच्या गतीने मागून यायचं, त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. म्हणजे कोणी मागे पडत नाही, कोणी रानात एकटं राहत नाही. चांगलाच नियम आहे तो. मी स्वतः एका पावसाळ्यात तिच्या ग्रुपच्या पुढे धापा टाकत चालले आहे, आणि मागून मंदा ओरडत होती, "ताई, सावकाश, गड कुठे पळून जात नाही."

अमेरिकेत आल्यावर तिने एका काउंटीच्या ऑफिसात नकाशे करण्याचं काम केलं, शेवटपर्यंत. लग्न केलं नाही. सुट्ट्या जमवायच्या आणि कुठल्यातरी दरीत जायचं. दगड हातात घेऊन तो कसा झाला हे ती असं सांगायची की बसमधले अनोळखी लोकही माना वळवून ऐकायचे. पडक्या भिंतीत कुठलं बांधकाम आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे तिला लांबून दिसायचं. तिच्याइतका प्रवास समजलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. हे चांगलं झालं, आणि हे सगळं खरं आहे.

आता दुसरं. मंदाला आजारी माणूस सहन व्हायचा नाही. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मंदा दारातूनच तिच्याशी बोलायची, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. दवाखान्यात कोणाला भेटायला गेली तर स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीकडे बघावं तशी त्या माणसाकडे बघायची.

तुमच्या आजोबांना पार्किन्सन्स झाल्याचं कळलं तेव्हा ते चालत होते, बोलत होते, फक्त उजवा हात खिशात ठेवायला लागले होते. मग पावलं लहान होत गेली. मग पाय मध्येच खिळायला लागले. दार आलं, अरुंद बोळ आला, की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. डोकं पुढे जातंय, पाय जात नाहीत. सगळा जन्म त्यांनी पुलांची डिझाइनं केली, आणि आता स्वतःच्या घराच्या बाथरूमचं दार त्यांना ओलांडता येईना. त्याच सुमाराला डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या कॅलेंडरवर त्यांनी एक चित्र पाहिलं. स्पेनमधली दुरातोन नावाची नदी, तिने खडकात खोल कोरलेली नागमोडी दरी, आणि एका वळणावर, तिन्ही बाजूंनी कडा तुटलेल्या सुळक्यावर, एकटं दगडी देऊळ. म्हणजे जुनं चर्च. आजोबांनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. त्या दिवशी गाडीत ते म्हणाले, "तिथे मला माझ्या पायांनी जायचंय. पुढच्या वर्षी जमणार नाही." मी मंदाला फोन केला. पंधरवड्याच्या आत तिने सगळं ठरवलं, नेपरव्हिलच्या मंडळातले आमचे काही जण जमवले, आणि त्या सप्टेंबरात आम्ही निघालो.

पहिले दोन दिवस सुरेख गेले, हेही लिहायला हवं. पिवळ्या दगडाची गावं, प्रत्येक चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांची टोपल्यांएवढी रिकामी घरटी. पक्षी आफ्रिकेला निघून गेले होते. नदीकाठच्या एका गावात किल्ल्याच्या भिंतीला टेकून पुढे घरंच बांधून काढलेली, त्यामुळे बुरुजाखाली कोणाचे तरी कपडे वाळत होते. मंदाने तो बुरूज हाताने चाचपला आणि आम्हाला सांगितलं की खालचा अर्धा कोणी बांधला आणि वरचा कोणी. शाकाहारी लोकांना प्रत्येक जेवणात बटाट्याचं जाड ऑम्लेट मिळालं. अंडं न खाणाऱ्यांना नुसता बटाटा. आजोबा हसत होते. रात्री जेवताना ते मंदाला हळूच म्हणाले की उद्या मला सगळ्यांच्या मागे राहू दे, माझ्या वेळाने येईन, तुझी ताई आहे बरोबर.

मंदा म्हणाली, "भावजी, नियम म्हणजे नियम. सगळ्यात हळू तो सगळ्यात पुढे. आणि नवरदेव वरातीत मागे असतो का कधी?"

सगळे हसले. त्यांना त्यात वाईट काही दिसलं नाही. पण मला आजोबांच्या मागण्याचा अर्थ माहीत होता. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की आपलं चालणं कोणाला दिसू नये.

गाड्या जिथे थांबतात तिथून त्या चर्चपर्यंत धुळीची पायवाट आहे. आजूबाजूला थायमच्या झुडपांचा वास, खुरटी झाडं, आणि डोळ्यांच्या पातळीवर, कधी त्याच्याही खाली, मोठाली गिधाडं. त्यांच्या पाठी वरून दिसतात. एरवी कुठे बघायला मिळतं असं? पण कोणी फारसं बघत नव्हतं. सगळे आजोबांच्या पायांकडे बघत होते. त्यांची ती वीतभर पावलं, मागे आमची सगळ्यांची रांग, मधूनच कोणाचं तरी "टेक युअर टाइम, काका", मधूनच दबलेला सुस्कारा. त्यांची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. मंदा हातातल्या काठीने बाजूच्या दगडांवर टकटक करत चालली होती. काठीची तिला गरज नव्हती, नुसती हातात असायची.

चर्चच्या अगदी अलीकडे कड्याला एक भेग आहे आणि तिच्यावर लहानसा दगडी पूल. पूल कसला, बैठकीच्या खोलीएवढा लांब, दोन्हीकडे बुटके कठडे. पलीकडे चर्चचं दार उघडं दिसत होतं. आजोबांनी पुलावर दोन पावलं टाकली आणि ते थांबले. अरुंद जागा. पाय खिळले.

आम्ही मागे उभे राहिलो. ऊन चढत होतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवला. मंदा म्हणाली, "चला भावजी." मग म्हणाली, "चला." मग जरा मोठ्याने म्हणाली. आणि मग जन्मभर पाळलेला नियम तिने मोडला. काठी उंचावून सगळ्यांना म्हणाली, "तुम्ही या पुढे, त्यांचं झालं की येतील." एकेक जण कठड्याला अंग चोरून आजोबांना ओलांडून गेला. सगळ्यात लहान निखिल, आयटीतला, त्याने जाताना त्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "सॉरी, काका." बाकीच्यांनी डोळे चुकवले. शेवटी मंदा गेली.

पलीकडे पोचल्यावर तिने तिथली दंतकथा सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज खणखणीत, दरीत घुमायचा. या जागी एक साधू राहायचा, आश्रयाला आलेल्या माणसांच्या मागे सैन्य लागलं, तेव्हा त्याने काठीने जमिनीवर रेघ ओढली आणि सैन्याला सांगितलं, याच्या पुढे यायचं नाही; आणि रेघेवर कडा दुभंगला, तीच ही भेग. सांगताना तिने स्वतःच्या काठीने धुळीत रेघ ओढून दाखवली. मग तिची नजर पुलावर गेली.

"आमच्या भावजींनी साधूची आज्ञा फारच मनावर घेतलेली दिसते."

लोक हसले. कसे हसणार नाहीत, तिला हसवता यायचं. आणि तुमचे आजोबाही हसले, मुलांनो. आजारामुळे त्यांचा चेहरा हलेनासा झाला होता, तरी त्यांनी प्रयत्न करून ओठ ताणले, कारण लोक आपल्याकडे बघताहेत हे त्यांना दिसत होतं. ते हसू मला विसरता आलेलं नाही.

मग मंडळी आत गेली. आम्ही दोघं पुलावर. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "परत जाऊ." परत फिरताना मात्र पाय सुटले. चर्चच्या मागे खडकात कोरलेल्या जुन्या थडग्यांच्या खाचा आहेत, माणसाच्या आकाराच्या, डोक्यासाठी गोल जागा ठेवलेल्या. त्या मला रात्री जेवताना फोटोत दिसल्या. एका खाचेत मंदा आडवी पडली होती, हात छातीवर जुळवून, डोळे मिटून, बाजूला सगळे हसताहेत. तो फोन तिने आजोबांपुढे धरला आणि म्हणाली, "भावजी, बघा, अगदी मापाची आहे. तुम्ही आला असतात तर तुमचंही माप घेतलं असतं."

आजोबांनी फोटो नीट पाहिला आणि फोन परत दिला.

घरी आल्यावर मी तिला फोनवर विचारलं की नियम तुझा, मोडलास तू, आणि वर थट्टाही केलीस. एकदा त्यांना सॉरी म्हण. ती म्हणाली, "ताई, लीडरला ठरवावं लागतं. एका माणसासाठी सगळ्यांचं राहिलं असतं." मी म्हटलं, ते सगळे त्या एका माणसामुळेच तिथे आले होते. त्यावर तिने तुम्हा दोघांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती दरवर्षी आमच्याकडे यायची, भेटी आणायची, आजोबांना स्पॅनिश गिधाडांबद्दल लेख पाठवायची. आजोबा वाट बघत राहिले. त्यांना तिच्याकडून एक शब्द हवा होता, आणि तो मागून मिळालेला नको होता.

गेल्या थँक्सगिव्हिंगला ती आली तेव्हा घरात सगळीकडे दारांच्या उंबऱ्यांवर निळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. हे काय म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं की फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीने हे शिकवलं. पाय खिळले की समोर जमिनीवर रेघ दाखवायची, ती ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. का ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. आजोबा खुर्चीतून उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी आले, थबकले, खाली टेपकडे बघितलं, आणि एखादी सरी ओलांडावी तसं पाऊल उचलून पलीकडे गेले. मग वळून मंदाकडे बघत उभे राहिले.

मंदाचा चेहरा उतरला. धुळीतली ती रेघ तिला आठवली असणार. काठी तिच्याच हातात होती, रेघ तिने ओढलीही होती, फक्त ती पुलाच्या पलीकडच्या बाजूला. एवढं सगळं समोर आलं होतं, आणि आजोबा उभे होते. आता ती म्हणेल, असं मलाही वाटलं...

मंदा म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना, भावजी."

आजोबा आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी मंदा अल्फारेटाला परत गेली. ती गेल्यावर झाडू मारताना मला दिसलं की मागच्या डेककडे उघडणाऱ्या काचेच्या दारापाशी एक नवी पट्टी आहे. ते दार आमच्याकडून राहून गेलं होतं. पट्टी थोडी तिरकी होती. नकाशे करणाऱ्या बाईने रेघ तिरकी ओढली होती, बहुधा घाईने, कोणी बघत नसताना. मी आजोबांना दाखवली.

परवा थोडं ऊन पडलं. आजोबा घरभर फिरले, रोजच्यासारखे, एकेक पट्टी ओलांडत. डेकच्या दाराशी आले. बाहेर ऊन होतं, खुर्ची होती, त्यांना बाहेर बसायला आवडतं. त्यांनी मंदाच्या पट्टीकडे बघितलं. पाय खिळला नव्हता, ते मला आता लांबूनही ओळखता येतं. पार्किन्सन्सच्या माणसाला सगळ्यात अवघड असतं ते जागच्या जागी वळणं. आजोबा तसे वळले, भिंतीला धरून, इंचाइंचाने, आणि ती पट्टी न ओलांडता आत परतले. त्या दाराशी ते रोज तसेच वळतात. टेप मी काढलेली नाही.