कोरड्या बोअरमधला हिरवा रंग

गावोगावचं पाणी दूषित झाल्याच्या बातम्या मी बरीच वर्षं लिहिल्या. ते होतं कसं, हे एकदाही विचारलं नाही, कारण तेवढ्या जागेत ते बसत नसे. या हिवाळ्यात भूजलाची असुरक्षितता आणि संरक्षण या विषयावरच्या संशोधन प्रशिक्षणाची जाहिरात दिसली. भूगर्भशास्त्राची पदवी हवी होती. खाली बारीक अक्षरात होतं, 'इतर इच्छुकांचाही विचार केला जाईल.' मी इतर इच्छुक म्हणून अर्ज केला. माझा विचार झाला.

पुण्याहून एसटी. तिकिटावर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. तिथून पाथर्डीची गाडी, करंजीचा घाट, मग तिसगाव. तिसगावात मिसळ खाऊन घ्यावी, पुढे काही मिळत नाही. शेवटचा टप्पा जीपचा. जीप भरली की सुटते आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. राहणं-जेवण फीमध्येच होतं, त्यामुळे सगळा खर्च पुण्यातल्या दोघांच्या बऱ्यापैकी जेवणाएवढा आला. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

पहिला दिवस शाळेच्या वर्गात गेला. प्रशिक्षण देणाऱ्या साळवे मॅडम नगरच्याच. त्यांनी असुरक्षितता सोपी करून सांगितली. जमिनीवर सांडलेली घाण खालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोचते, एवढाच प्रश्न. पाणी किती खोल आहे, वर माती किती, खडकाला भेगा किती. इथे माती वीतभर आणि खाली भेगाळलेला काळा खडक. "हा खडक पाणी गाळत नाही," मॅडम म्हणाल्या, "नुसतं पोचवतो."

माझ्या शेजारी रूपाली बसली होती. संगमनेरला एमएस्सी करते, गाव हेच. आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात, त्यामुळे ती इथे बबनमामांच्या घरी वाढली. आम्हा बायकांची राहायची सोयही त्याच घरात होती. प्रत्येकानं गावातली एक धोक्याची जागा शोधायची, तपासायची आणि शेवटच्या दिवशी गावासमोर मांडायची, असं ठरलं. पुढच्या संशोधनासाठी निवड त्यावरच होणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी हुलग्यांची शेंगोळी केली. जेवणाआधी मामांनी गोठा दाखवला. गोठा आमच्या वर्गापेक्षा स्वच्छ होता. धुतलेलं पाणी, शेण-मूत, सगळं एका पाइपातून मागच्या कोरड्या बोअरमध्ये जात होतं.

"डास न्हाई, वास न्हाई," मामा म्हणाले. "पार तळाला जातंय. माजं बघून गावात लई जनांनी केलं. डेअरीचा साहेब बी फोटू काढून गेला."

गोठा उंचावर. खाली हाकेच्या अंतरावर गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. जेवताना रूपाली ताटातली शेंगोळी ढवळत बसली.

हात धुताना मी म्हणाले, "दुसरी जागा घे."

"घेईन की," ती म्हणाली. "पण मामीच्या हंड्यात पाणी त्याच विहिरीचं आहे. आणि मामांना गावात तोंड वर करून फिरायचंय. मी कुणाचं बघू?"

मग ती मामांकडे गेली. "मामा, तुमच्या बोअरमध्ये रंग टाकू का?"

"कसला?"

"हिरवा. पाणी कुठं जातं ते कळतं. त्यानं अपाय नाही होत."

"तळाला जातंय, सांगितलं की आत्ता. टाक. पर गाईवर उडवू नको."

देवळाच्या भोंग्यावरून सूचना झाली, पुन्हा सांगेपर्यंत विहिरीवर कोणी पाणी भरू नये. लोकांनी आधीच हंडे, पिंपं, पातेली भरून ठेवली. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "रंग खेळायला निघाल्यात. शिमगा लांब हाय अजून."

तिसऱ्या दिवशी सकाळी रंग बोअरमध्ये गेला. त्यामागून टाकीभर पाणी सोडलं. चौथ्या दिवशी दुपारी विहिरीतल्या पाण्याची बाटली रूपालीनं उन्हात धरली. फिकट हिरवी होती. संध्याकाळी बाटलीची गरज उरली नाही. बायका काठावरून वाकून बघत होत्या. मामींनीही बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं.

शेवटच्या दिवशी देवळासमोर गाव बसलं. रूपालीनं नकाशा टांगला आणि म्हणाली, "एका गोठ्याचं सांडपाणी विहिरीत येतंय."

मामा उठले. "येका म्हंजे कुनाच्या? नाव घे की."

"आपल्या, मामा."

"आमी मूत पितो, ह्ये सांगायला शिकलीस व्हय?"

कोणी हसलं नाही. ती खाली बसली नाही, एवढं मी पाहिलं. शेवटी मामाच म्हणाले, "मग सोडू कुटं त्ये पानी?" साळवे मॅडमनी सांगितलं: खड्ड्यात गाळ बसवायचा, वरचं पाणी गवताच्या वाफ्याला, बोअर कायमचा बुजवायचा. मामांनी ऐकून घेतलं. सकाळी आम्हाला निरोप द्यायला मात्र ते आले नाहीत.

कुणाला जायचं असेल तर विद्यापीठांचे भूगर्भशास्त्र विभाग, सरकारी भूजल कार्यालयं आणि पाण्यावर काम करणाऱ्या संस्था अशी प्रशिक्षणं घेतात; चौकशी करत राहावी लागते. हिवाळ्यात जा. जाड तळाचे बूट न्या, दुपारी तेव्हाही खडक तापतो. जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचा.

घरी आल्यावर पहिले काही दिवस पाण्याचा ग्लास मी उजेडात धरून बघत होते. नळाच्या पाण्यात तसं काही दिसत नाही. विहिरीतही आधी दिसत नव्हतं.

परवा रूपालीचा फोन आला. तिची निवड झाली. मामांनी बोअर बुजवला, वाफ्यात गवत लावलं. विहीर अजून बंदच आहे. गावाला टँकर येतो आणि रांगेत मामा स्वतः कॅन घेऊन उभे राहतात. ते तिच्याशी बोलतात का, असं मी विचारलं. कामापुरतं, म्हणाली. पण मागच्या आठवड्यात रांगेतला एकजण मामांना म्हणाला, "भाचीला शिकवलीच कशाला?"

मामांनी कॅन खाली ठेवला. "तुज्या बी बोअरात रंग टाकायला लावू का तिला?"

त्यानंतर रांगेत पावसापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.