परक्यांसाठी बैठक मोकळी ठेवायला शिकवणाऱ्या शाहीन मॅडम

शाहीन मॅडमची अन् माझी पहिली गाठ त्यांच्या संगणकाच्या वर्गात पडली. नात पल्लवी तिथं शिकायची. पोरगी कुणाच्या हाताखाली आहे ते बघावं म्हणून मी एकदा सोबत गेले आणि उभ्या उभ्याच मॅडमना गाव, वय, लेकरं किती, मालक काय करतात, सगळं विचारलं. मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. म्हणाल्या, "सांगते अम्मा. तुम्ही तोंडावर विचारताय, म्हणून सांगते." मला वाटलं, बाई जरा शिष्ट आहेत. त्या बोलण्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं गेली.

आता मॅडमना साठ पूर्ण होताहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गौरवग्रंथासाठी चार शब्द मागितले. मला अक्षर येत नाही. मी सांगते, पल्लवी लिहिते. मधे मधे ती माझी भाषा धुऊन वाळत घालते, तेवढं सांभाळून घ्या.

पल्लवीची नजर लहानपणापासून अधू आहे. हे आम्ही घराबाहेर बोलत नाही. इथं सांगते ते तिला विचारूनच. लॅपटॉपवरचं पान तिला वाचून दाखवणारं एक अवजार ब्राउझरला जोडलेलं असतं. एक्स्टेंशन म्हणतात त्याला. नोकरीच्या एका साइटवर ती अर्ज करत होती आणि बोलावणं कुठूनच येत नव्हतं. शेवटी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन सिडकोत मॅडमच्या घरी गेलो.

मॅडमनी ती साइट उघडली, बाजूला एक खिडकी काढली. तिच्यात लाल ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या पळू लागल्या.

"हे काय आता?"

"हे पान विचारतंय, अम्मा. या ब्राउझरला काय काय जोडलंय? हे आहे का, ते आहे का? आपल्याला न सांगता."

"अन् घावलं काय त्याला?"

"पल्लवीचं वाचून दाखवणारं. तुमचं पंचांग. अन् तुमच्या लेकाचं स्वस्तात बूट शोधणारं."

आमच्या घरात लॅपटॉप एकच, जो तो त्याला आपापलं अवजार जोडून ठेवतो. मी म्हटलं, "म्हणजे माझी एकादशी पण नोकरी मागायला गेली?"

"गेली अम्मा. उपाशीच गेली."

पल्लवी हसली नाही. तिनं विचारलं, "मॅडम, डोळ्यांचं कळलं म्हणूनच बोलावत नसतील का?" दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं, आणि आम्ही पाया पडलो असतो. मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही, बेटा. विचारतात ते मला दिसलं. पुढं त्याचं काय करतात ते दिसत नाही. न दिसलेलं मी बोलणार नाही." माणूस खरं बोलतो तेव्हा हातात काही पडत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आमच्या गावी, पाचोडला, पोरगी बघायला पाहुणे यायचे, ते पाणी मागायचे अन् बसल्या जागेवरून घरात काय काय आहे ते मोजायचे. म्हणून आम्ही बैठकीत सतरंजीशिवाय काही ठेवत नसू. हे मी सहज बोलले तर मॅडम म्हणाल्या, "तेच करायचं. परक्यांसाठी वेगळा ब्राउझर. त्याला काहीच जोडायचं नाही."

बैठक मोकळी झाली खरी, पण वाचून दाखवणारं अवजार निघालं तर पल्लवी वाचणार कशी? मग मॅडमच वाचू लागल्या. दिवसभर वर्गात बोलून आल्यावर पोरीशेजारी बसायच्या आणि अर्जातली ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायच्या, अटी अन् नियमांसकट. मी चहा पुढं केला तर म्हणायच्या, "नक्को अम्मा, हे पान होऊ द्या." आवाज पार घोगरा व्हायचा.

साइटवाल्यांना त्यांनी तक्रारी केल्या. हे सगळं तुमच्या सुरक्षेसाठीच आहे, असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "किती अदबीनं लिहितात हो," एवढंच म्हणाल्या आणि तिसरी तक्रार लिहायला घेतली.

पुढं बिडकीनच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. डोळ्यांचं सांगावं की नाही, ते पल्लवीला ठरवता येईना. मॅडम म्हणाल्या, "ते तुझं आहे. सांगशील तरी बरोबर, नाही सांगशील तरी बरोबर." पल्लवीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तिथं नाही घेतलं. पुढच्या ठिकाणीही तिनं सांगितलं. त्यांनी विचारलं, वाचून दाखवणारं कोणतं अवजार लागतं, आणि तिच्या टेबलावरच्या संगणकाला ते जोडून दिलं. आज ती तिथंच आहे.

मॅडमच्या घरी मात्र आता दुसरी पोरं लॅपटॉप घेऊन येतात, आणि मॅडम त्यांच्याशेजारी बसतात. त्या थकल्यात, हे मला दिसतं. त्यांना थांबा म्हणायची माझी छाती नाही. हे काम त्यांच्या हयातीत संपावं असं फार वाटतं. संपेल असं दिसत नाही. म्हणून वरच्याकडे त्यांच्यासाठी आयुष्य भरपूर मागते, तब्येत ठणठणीत मागते, आणि घसा तेवढा जपून ठेव म्हणते.