मागच्या खोलीतलं पाणी

कान्हे गावातलं घर विकलं, की हिरामावशींचा मुलगा अतुल वराळ्याला मोठा फ्लॅट घेणार होता. त्यातली एक खोली मावशींची आणि नातीची, मानसीची. मावशींनी गोधड्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या.

गिऱ्हाइकाला घर उठून दिसावं म्हणून अतुलने मागच्या खोलीत फरशी बसवून घेतली. भिंतीच्या बुडाशी एक भोक होतं, तेही सिमेंटने बुजवलं. मावशी त्याला अडवायला पुढे झाल्या. पण मानसी डोळ्यांपुढे आली आणि त्या मागे फिरल्या.

मे महिन्यात समीक्षा आणि तिचा नवरा घर बघायला आले. समीक्षाला सातवा महिना. मागच्या खोलीत तिने चपला काढून फरशीवर पाय टेकले.

"किती गार! ही खोली बाळाची हं, मावशी."

"एसीची गरजच नाही," अतुल हसला.

मावशी चहा गाळता गाळता थांबल्या. घर उभं होतं भाताच्या खाचरात भर घालून. श्रावणात त्या खोलीत जमिनीतूनच पाणी उमळायचं. पहिल्या वर्षी हे ठाऊकच नव्हतं. ओल गोधडीतून वर आली आणि पाच महिन्यांची तेजल न्यूमोनियाने गेली. मग नवऱ्याने पहारीने ते भोक पाडून पाण्याला वाट दिली. पुढे दर पावसाळ्यात खाट विटांवर चढायची.

कप खाली ठेवून मावशी म्हणाल्या, "पोरी, हितं बाळ निजवू नगंस. पावसाळ्यात खालनं पानी येतं. ते जायाचं भोक आमी बुजवलंय. माजी लेक गेली ह्या खोलीत."

समीक्षाने घाईने चपला घातल्या. "कळवतो आम्ही," तिचा नवरा म्हणाला. निघताना तिने मावशींचा हात मात्र घट्ट दाबला.

अतुल ओट्यावर येऊन बसला. "तेजलताई दवाखान्यात गेली असंच सांगत आलीस मला. परक्या बाईला खरं सांगितलंस."

"तुला त्याच खोलीत वाढवायचं व्हतं रं. कसं सांगनार?"

घर विकलं गेलं नाही. त्याने वराळ्याला एकच बेडरूम असलेला फ्लॅट भाड्याने घेतला आणि मानसीला घेऊन तो तिकडे गेला; मावशी मागे राहिल्या. मानसीचा फोन येतो. "आजी, तू कधी येणार?"

"येते की," मावशी म्हणतात.

मृग लागायच्या आत त्यांनी गोधड्यांची गाठ सोडली. माळ्यावरून नवऱ्याची पहार काढली. साठीच्या हातांना सिमेंट लवकर दाद देईना. संध्याकाळी भोकातून बाहेरचा उजेड दिसला, तशा त्या तिथेच फरशीवर बसल्या. मग उठून खाटेखाली विटा सारायला लागल्या.