केळकर साहेबांची थंडीची शिकवणी

धप्प!

पस्तीस वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. मस्कतला येऊन मला चार दिवस झाले होते. मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये शिरलो आणि मागचं जाड दार आपोआप मिटलं. आत उणे अठरा डिग्री. मी वसईचा माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. उणे हा शब्द मला वजाबाकीपुरता माहीत. दोन्ही हातांनी दार ठोकत राहिलो. येत होत्या तेवढ्या सगळ्या प्रार्थना म्हणून झाल्या.

शेवटी दार उघडलं. बाहेर सईद उभा होता. हा सूर बंदराचा ओमानी, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला, तेव्हा विशीत होता आणि आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवायचा. तो हिंदीत म्हणाला, "अरे भाई, अंदर से पुश करो तो खुलता है! इतना ठोक रहा था, हमको लगा तुम काम कर रहा है!"

फ्रीझरच्या छताला बर्फ साचतो, तो कोणी आणून टाकत नाही. दार उघडतं, मिटतं, दर वेळी बाहेरची दमट हवा थोडी थोडी आत शिरते, आणि एक दिवस वर बघावं तर वीतभर जाड थर! किस्से असेच साचतात. आता सईद आणि मी दोघेही म्हातारे झालो. तो अजून फोर्कलिफ्टवर आहे. मला डॉक्टरांनी आत जायला मनाई केली, म्हणून मी दाराबाहेर टेबल टाकून बसतो. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, ते पाटीवर लिहितो आणि वेळ झाली की दाराच्या काचेवर टकटक करतो. बसलेल्या माणसाला जास्त दिसतं. यंदा दिसलं ते सांगतो.

* * *

आमचे स्टोअर मॅनेजर केळकर साहेब पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण थंडीशी त्यांचं वाकडं. जूनमध्ये बाहेर पंचेचाळीस डिग्री, पायाखालचं डांबर मऊ झालेलं, आणि साहेब ऑफिसात ए.सी.खाली लोकरीचा स्वेटर घालून! अकरा वर्षांत त्यांनी फ्रीझरमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. दार वीतभर उघडून बाहेरूनच ओरडायचे, "सईद, सुरमई कितना है?"

आतून सईद ओरडायचा, "बहुत!"

झालं स्टॉक चेकिंग!

सईद म्हणायचा, "इतना साल हो गया, अंदर का एक भी मछली साहब को पहचानता नहीं!"

* * *

सप्टेंबरात साहेबांनी आम्हाला मोबाईलवर फोटो दाखवले. इटलीतले डोंगर होते, सगळे पांढरे. रंगीत कपड्यांतली माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून त्यांवरून घसरत होती.

मला म्हणाले, "पास्कलकाका, याला स्कीइंग म्हणतात. निहारला करायचंय."

निहार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मस्कतच्या अल हैल भागातल्या घरातच वाढला, इथल्याच इंडियन शाळेतून यंदा बारावी झाला. जानेवारीत शिकायला कॅनडाला निघणार होता. म्हणून त्याच्या आधी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिकडचा हंगाम उघडतो न उघडतो तोच जाऊन यायचं, असा बेत होता.

सईदने फोटो नीट बघितले. मग विचारलं, "साहब, कॅनडा में बरफ नहीं है?"

"है ना. बहुत है."

"तो इटली का बरफ क्यों?"

साहेब मग म्हणाले, "कॅनडा में वो अकेला रहेगा."

सईदने फोन पँटला पुसून परत दिला.

* * *

पण घरात ठरलं होतं निराळंच. निहारने सांगितलं होतं, "बाबा, तू नको येऊस. मी आणि आई जातो. आय मीन, तुला झेपणार नाही ना! तू मॉलमध्ये पण मफलर घालतोस."

पोरगं वाईट मनाचं नाही. बापाच्या काळजीनेच बोललं असणार. पण मला हे सांगताना साहेब स्वेटरचं एकच बटण काढत होते, लावत होते, परत काढत होते.

मग म्हणाले, "पास्कलकाका, थंडी शिकता येते का हो?"

मी म्हटलं, "साहेब, थंडी कोणाला शिकता येत नाही. थंडीत कसं राहायचं ते शिकता येतं."

"तेवढं शिकवा. घरी बोलू नका. आधी जमू दे."

सहलीच्या एजंटने त्यांना सांगितलं होतं की तिथे दोरीच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायला वीस मिनिटं लागतात. साहेबांनी मनाशी ठरवलं. फ्रीझरमध्ये वीस मिनिटं काढता आली, तर घरी सांगायचं की मीही येतो. नाही काढता आली, तर दोघांना विमानतळावर सोडून यायचं.

* * *

ऑक्टोबरात जेवणाच्या सुट्टीत आमची शिकवणी सुरू झाली. आत एकट्याने जायचं नाही हा नियम. म्हणून सईद त्यांच्याबरोबर आत आणि मी काचेपाशी.

पहिल्या दिवशी साहेब तीन स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर कंपनीचा फ्रीझर कोट असे आले. त्यांना टेबलाजवळून वळताही येईना. मी म्हटलं, "साहेब, एवढं घालू नका. चालताना घाम येईल, आणि घाम गार झाला की तोच जास्त छळतो."

ऐकलं नाही. आत गेले, आणि आले की बाहेर! मी पाटीवर लिहिलं, 'केळकर साहेब, चाळीस सेकंद.'

साहेब दात वाजवत म्हणाले, "काका, मिनिटांत लिहा ना."

"साहेब, मिनिट कुठे झालंय!"

* * *

माझ्याकडे शिकवण्यासारख्या तीनच गोष्टी होत्या. घाम येऊ द्यायचा नाही. एका जागी उभं राहायचं नाही. आणि बोटं दुखताहेत तोवर घाबरायचं नाही, दुखायची थांबली की लगेच बाहेर यायचं.

ही तिसरी गोष्ट साहेबांनी मला दोनदा सांगायला लावली.

"म्हणजे दुखतंय ते चांगलं?"

"हो साहेब. दुखतंय तोवर बोट आपलं आहे."

त्या दिवशी त्यांनी पाच मिनिटं काढली. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "चांगलंच दुखतंय हो काका!" असं म्हणत ते हसत होते.

* * *

आता चष्म्याची गंमत. इतक्या थंडीतून आपल्या मस्कतच्या हवेत आलं की काचा पांढऱ्या होतात. साहेबांना ते माहीत नव्हतं. एकदा बाहेर आले आणि तसेच ताडताड चालत निघाले. समोर कोटांचा उंच स्टँड होता. त्याच्यावर कोणीतरी हेल्मेट अडकवलं होतं. साहेब त्याला धडकले, दोन पावलं मागे झाले आणि अदबीने म्हणाले, "सॉरी सर! आप कब आये?"

सईद हसता हसता जमिनीवर बसला. तेव्हापासून साहेब चष्मा माझ्या टेबलावर काढून आत जाऊ लागले.

* * *

एके दिवशी साहेबांच्या मिसेसचा मला फोन आला. मॅडम मला अंकल म्हणतात.

"अंकल, एक विचारू? खरं सांगा हं. ह्यांच्या कपड्यांना रोज मासळीचा वास येतो. आमच्याकडे तर अंडंसुद्धा आणत नाहीत. दुपारी जेवायला कुठे बाहेर जातात का?"

वचन मोडायचं नव्हतं आणि खोटं मला येत नाही. म्हटलं, "मॅडम, साहेब मासळी खात नाहीत. देवाशप्पथ."

"खात असले तरी माझं काही म्हणणं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पण चोरून नको. मला म्हणावं सांगा, मी शिकून घेईन आणि करून घालीन!"

फोन ठेवून मी पाटी पुसली. माझी बायको तिकडे वसईला असते. मासळी मला न विचारताच करते, पण वर्षातून एक महिना, मी रजेवर जातो तेवढाच.

* * *

मग मध्येच घोळ झाला. एजंट म्हणाला, हंगामाच्या सुरुवातीला बर्फाचा भरवसा नाही. पडला तर पडला.

सईद म्हणाला, "इन्शाल्ला पडेगा."

साहेब म्हणाले, "नाही पडला तरी चालेल. ते लोक रात्रभर मशीन लावून डोंगरावर बर्फ करतात."

सईद विचारात पडला. "मशीन से ठंडा करते?"

"हां."

"फिर लोग पैसा देके अंदर जाता है?"

"हां."

"साहब, वो तो अपना फ्रीझर है! खाली छत नहीं है!"

* * *

बुधवारपर्यंत साहेब सतरा मिनिटांवर आले होते. गुरुवार शेवटचा. रुवी भागातल्या एजंटला त्या दिवशी दुपारी व्हिसासाठी सगळ्यांचे पासपोर्ट द्यायचे होते. मॅडम रोज विचारत, "तुमचं काय?" आणि साहेब रोज म्हणत, "बघू." आठवडाभर ते स्वतःचा पासपोर्ट शर्टाच्या खिशात घेऊन कामावर येत होते आणि तसाच घरी नेत होते.

गुरुवारी आत जाताना त्यांनी खिसे माझ्या टेबलावर रिकामे केले. फोन, किल्ल्या, चष्मा, पासपोर्ट. म्हणाले, "काका, आज मधे टकटक करू नका. वीस झाली की मगच."

तेरा मिनिटं झाली असतील. पाठीमागे पावलं वाजली. बघतो तर निहार! हातात रबर लावलेले दोन पासपोर्ट, त्याचा आणि मॅडमचा.

"अंकल, बाबा कुठे आहे? केबिनमध्ये नाही. एजंटला ऑफिसचं लेटर पाहिजे, ते घ्यायला आलो."

मी खुर्ची काचेपासून बाजूला सरकवली.

निहारने बाहीने काच पुसली आणि आत बघितलं. सुरमईच्या खोक्यांच्या दोन रांगांमध्ये त्याचा बाप उभा होता. कानटोपी घातलेली, भुवया पांढऱ्या झालेल्या. दोन्ही पायांना खोक्याचे लांब पुठ्ठे सुतळीने बांधलेले, हातांत झाडूचे दोन दांडे. गुडघे वाकवून, जीभ दातांत धरून ते पुढे सरकायला बघत होते. सईद त्यांच्यासमोर हात पसरून उलटा चालत होता, तान्ह्या मुलासमोर चालतात तसा. साहेब हातभर सरकले आणि धाडकन बसले. सईदने उठवलं. त्यांनी कोट झटकला, दांडे पकडले, गुडघे पुन्हा वाकवले.

चष्मा बाहेर होता, त्यामुळे त्यांना काचेपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"किती दिवस?" निहारने विचारलं. नजर काचेवरच.

"तीन आठवडे."

"बट व्हाय? कशाला, अंकल?"

ते उत्तर त्याच्या बाबांनी द्यायचं होतं.

आत साहेब परत पडले, परत उठले. निहारचा श्वास काचेवर जमत होता. तो पुसायचा आणि बघायचा.

मग तो वळला. टेबलावर चष्म्याशेजारी पासपोर्ट होता. तो त्याने उचलला, उघडला, आतला बापाचा फोटो बघितला. हातातल्या दोन पासपोर्टांचं रबर काढलं, तिसरा त्यांच्यामध्ये ठेवला आणि रबर परत लावलं. ऑफिसचं लेटर मागायचं विसरला.

मी घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं झाली होती. पुन्हा वर बघितलं तेव्हा निहार गेटाकडे चालत निघाला होता, तिन्ही पासपोर्ट हातात घेऊन.