संध्याकाळचा वेग

कीर्तनाचा व्हिडिओ रंगात आला होता आणि बुवांचा हात हवेतच थांबला. त्यांच्या तोंडावर ते गोल चक्र फिरू लागलं. रोज संध्याकाळी हेच.

"आपलं नेट अनलिमिटेड आहे ना रे?" मी मुलाला विचारलं. तो इंटरनेट कंपनीतच आहे.

"आहे की. आम्ही कुणाचं बंद करत नाही, बाबा," लॅपटॉपवरची नजर न हलवता तो म्हणाला. "संध्याकाळी गर्दी असते. जे दिवसभर नेट लावून बसतात, त्यांचं तेवढ्यापुरतं हळू करतो. त्यांना कळतही नाही. वाटतं, आपलाच फोन जुना झाला."

हुशारीचं काम आहे. नाही म्हणायचं नाही, फक्त उशीर करत राहायचा. माणूस आपणहून कमी मागायला लागतो.

गावचं घर विकून मी इथे आलो, तेव्हा हाच म्हणाला होता, "बाबा, हवं तितकं राहा."

"चहा टाकू का रे?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. "अं? काही म्हणालात?"

आणि मी महिनाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोय, आपलाच आवाज बसलाय असं समजून.