केवळाबाई, ड्रायर आणि घरातली बरकत

चाळीस वर्षांमागं मुखेडजवळच्या आमच्या गावात भिंतीपलीकडचं एक भांडण माझ्या कानावर आलं. पलीकडं माझी थोरली जाऊ केवळाबाई आणि तिचा नवरा, म्हणजे श्रीमंत भावजी. भावजींनी वेचणीचा कापूस चुलीच्या खोलीतच रचला होता.

"घर माझं, कापूस माझा. कुठं बी ठेवीन!"

"ठेवा की. पेटल्यावर म्हना, जाळ बी माझाच हाय, कुनी इझवू नका."

भावजी रुसून पारावर गेले. बाईनं एकटीनं सगळा कापूस ओसरीत वाहून नेला. निखाऱ्यावर पाणी मारल्याबिगर ती कधी घराबाहेर पडली नाही.

भावजी वारल्यावर ती लातूरला लेकाकडं आली. मीही पुढच्याच गल्लीत. लेक सुदर्शन कॉलेजात शिकवतो, सून शिल्पा बँकेत. लातूरचं ऊन असं, की गच्चीवर लुगडं टाकून जिना उतरेस्तोवर वाळतं. तरी यांनी हैदराबादहून कपडे वाळवायचा ड्रायर आणला. गच्चीवर कपडे दिसले की बंगल्याची शोभा जाते म्हणे. आतली गरम हवा बाहेर जायला भिंतीतून पाइप, आणि कपड्यांची लव अडकायला एक जाळी. जाळी दर वेळी साफ करा, असं मशीनबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक अजून पिशवीतून निघालं नव्हतं.

मग वास्तूवाले विरूपाक्ष आले. पाइप बघून त्यांनी डोळे मिटले. "या वाटेनं घरातली बरकत बाहेर जाते."

दुसऱ्या दिवशी पाइपाच्या तोंडावर तांब्याचा पत्रा बसला, वर स्वस्तिक. बरकत आत राहिली आणि गरम हवाही. तासात वाळणारे कपडे दोन तास फिरू लागले. भिंतीला हात लावला की चटका. त्याच भिंतीला लागून सहा वर्षांची नात उज्वला दुपारची झोपायची, आणि आईबाप मशीन चालू करून कामाला जायचे.

"सुदर्शना, जळका वास येऊन राहिलाय."

"माय, ऑटोमॅटिक हाय ती. आपोआप बंद होते."

"आपोआप बंद होती, तर आपोआप पेटनार न्हाई कशावरून?"

"काकू, तुम्हीच समजावा आईंना," शिल्पा मला म्हणाली. मी काय समजावणार? मला मिक्सरची भीती वाटते.

केवळाबाईला रिकामं बसवत नसे. एके दुपारी तिनं जाळीतली लव ओढून काढली. मऊ, कापसासारखी, टाकवेना. आम्ही जन्मभर वळतो तशा तिनं मांडीवर वाती वळल्या. दिवेलागणीला निरांजन लावलं, तर भप्पकन् वीतभर जाळ उठला. देवाच्या फोटोची माळ करपली, घाण वास सुटला. बाईनं वर पातेलं उपडं घातलं, देवाची माफी मागितली आणि जाऊन ड्रायरमागच्या भिंतीला हात लावून बघितला.

"सुदर्शना, पाइपात बी हेच भरलं असंल की रं."

सुदर्शन एवढा शिकलेला, पण त्याला कळायला माळ करपावी लागली. त्यानं मशीनची पिन भिंतीतून काढली, पत्रा उचकटला. पाइपातून उशीभर लव निघाली. शिल्पानं उज्वलाचं अंथरूण तेव्हाच दुसऱ्या खोलीत नेलं.

विरूपाक्ष म्हणाले, पत्रा आता स्वयंपाकघरात लावा.

"लावू की," बाई म्हणाली. "पोळपाट डगडगतोय, त्याच्याखाली बरा बसंल."

तिथून मशीन बाईच्या ताब्यात. घरात जागं माणूस नसलं की मशीन बंद. दर खेपेला जाळी साफ, पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी हात धरून हवा येते का बघायचं, आणि वर्षातून एकदा मेकॅनिक बोलावून अख्खा पाइप झाडून घ्यायचा.

"आमच्या बँकेत पण एवढी तपासणी नसते, आई," शिल्पा म्हणायची.

"म्हनून मी बँकेत राहत न्हाई."

गेल्या चैत्रात बाई दुपारच्या झोपेतच गेली. त्या दिवशी सकाळी मी तिच्याकडंच होते. ड्रायरात दोन चादरी वाळल्या. "थांब गं, एवढं उरकून येते," म्हणाली. पिन काढली, लव ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेर टाकली, जाळी नळाखाली धुतली. मग गुडघे धरत जिना चढली आणि गच्चीच्या कठड्याला लावून जाळी उन्हात वाळत ठेवली.