बाई मधी बसली का?

हे मी कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. लेकींना नाही, सुनेला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला म्हणे सगळं आधीच ठाऊक असतं, मग कशाला उगाच तोंड वाजवा? तुम्हाला सांगते. फक्त माझ्या उजव्या हाताला बसा.

उजव्याच. डावा कान माझा लहानपणीच गेला. माण तालुक्यातल्या धुळीत शेरडांमागं हिंडायची मी. कान फुटला, वाहिला, आणि वाहायचा थांबला तेव्हा ऐकायचाही थांबला. मुलगी बघायला पाहुणे आले, तर आईनं माझा पाट असा मांडला की सगळी मंडळी उजवीकडं. वर दम भरला, ‘बोलशील कुणाला तर बघ.’ पाहुणे म्हणाले, पोरगी जरा तिरकी बसते, लाजरी आहे. लाजरी कसली! कान पुढं काढून बसलेली कोंबडी होती ती.

लग्न झालं. नवरा फौजेत, तोफखान्यात. वर्षातून एकदा सुट्टीला येणारा माणूस बायकोचा कोणता कान चालतो हे कधी बघणार? ते पेन्शनीत आले, रहिमतपुरात घर झालं, तोवर मी पक्की तयार झाले होते. पंगतीत, गाडीत, अंथरुणात माझी बाजू ठरलेली. हट्टी बाई, म्हणायचे सगळे. म्हणोत की.

ह्यांना गाण्याचं भारी वेड. देवळातल्या भजनात पेटी हेच वाजवायचे. कुणी जरा सूर सोडला की ह्यांची भुवई उडालीच. थोरल्याला नोकरी लागली, त्यानं विचारलं, आबा, काय आणू? तर म्हणाले, घरात गाणं नीट ऐकायची सोय कर. मग काय! सांगलीला हेलपाटे सुरू झाले. अॅम्प्लिफायर एका दुकानातला, कमरेएवढे उंच स्पीकर दुसऱ्या दुकानातले. आणि दुकानदाराला सांगितलं काय, तर आमच्या हिला जे आवडतं त्यावर सगळं जुळवायचं. मला विचारलं. मी आपलं म्हटलं, बाईचा आवाज — जात्यावर शेजारी बसून गातेय असा.

या एका वाक्यावर त्यांनी अख्खी खोली रचली. आवाज घुमतो म्हणून भिंतींवर माझ्या गोधड्या टांगल्या. सुतळी लावून अंतर मापलं — दोन स्पीकर आणि माझी खुर्ची, तिघांत सारखंच. तसं जमलं की गाणारी बाई म्हणे दोन्ही स्पीकरांच्या मधोमध येऊन बसते. दिसत नाही, पण बसते.

मला खुर्चीत बसवलं. गाणं लावलं.

“बाई मधी बसली का गं?”

मला कुठली मधी? माझं सगळं जगच उजवीकडं. आणि तोंडातून खरं तेच निघून गेलं — “उजवीकडं बसलीय.”

ते स्वतः बसून आले. “मला तर मधीच वाटतीया,” म्हणाले, तरी आवाज एका बाजूला न्यायचं बटण डावीकडं सरकवलं. पुन्हा विचारलं. पुन्हा उजवीकडंच. आणखी सरकवलं. शेवटी कंटाळून मी म्हटलं, “हां, आता बसली बघा.” मग ते खुर्चीत टेकले. बराच वेळ ऐकत राहिले. “तुला मधी, आन् मला पार डावीकडं गेल्याली वाटतीया. म्हंजे माझा उजवा कान गेला गं. तोफंनं खाल्ला.”

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? पण ते लगेच म्हणाले ना, “तुझं कान म्हंजे सोनं हाय.” पन्नाशीची घोडी मी, आणि हुरळले! माझ्या कानाचं कौतुक आजवर कुणी केलं होतं? मग काय सोंगं केली म्हणता — डोळे मिटायचे, मान डोलवायची, मधेच ‘अहाहा’. पाहुण्यांपुढं तर जास्तच. हे त्या खुर्चीत पुन्हा बसले नाहीत. बाजूला स्टूल घेऊन माझ्या तोंडाकडं बघत राहायचे. गाणं कसं वाजतंय, ते माझ्या तोंडावर बघायचे.

मग पेटी सुटली. भजनातली माणसं घरी आली — “आवं सुभेदार, लय ग्वाड वाजवताय की!” हे म्हणाले, “न्हाई रं. कान गेल्याल्यानं दुसऱ्याचा सूर बिघडवू न्हाई.” मी आतून चहा आणला. चांगला झाला होता, म्हणाले सगळे.

इथवरचं मी एखादे वेळी कुणाला सांगितलंही असतं. कान बहिरा असणं हा काही गुन्हा नाही, आणि फुशारकी कोण मारत नाही? पण पुढचं —

साताऱ्यात माजी सैनिकांचे कान तपासायचं शिबिर होतं. हे गेले. परत आले ते चपलांसकट थेट स्वयंपाकघराच्या दारात. चपला घालून घरात कधी न आलेला माणूस. “डॉक्टर म्हणतोय, दोन्ही कान झ्याक हायेत! मग गं?” हसत होते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी भाकरी थापत होते. भाकरी काय, दोन घटका थांबली असती. मान वर न करता मी म्हटलं, “फुकटातल्या मशिनीचं काय खरं धरताय?”

त्यांनी पायातल्या चपलांकडं बघितलं. मग म्हणाले, “व्हय. ते बी खरंच.” आणि चपला काढायला बाहेर गेले.

हे केलं मी. न बोलणं वेगळं. हे मी बोलले. जाणून, शुद्धीत, पिठाच्या हातानं. त्यानंतर न्हाणीत गुणगुणायचे तेही बंद झालं. कुणाशी बोलताना डावा कान पुढं करायला लागले. चांगला धडधाकट कान असा मागं ठेवून.

ते गेले त्या आठवड्यात दवाखान्यात नातीनं मोबाइलवर भजन लावलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी धरलं. त्यांनी हात हलवला. “हिकडं नको बाळा, त्यो कान गेलाय माझा.” ती पलीकडं, डाव्या कानाशी जायला निघाली. कॉट आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी स्टुलावर बसले होते.

मी उठले आणि तिला वाट करून दिली.